घरची शाळा : सुट्टीतला एक दिवस

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पहिले चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवसापासून मुलांचे "आता काय करू?" सुरू होते. इंदूरसारख्या गावात आपल्यापुढे आणखी एक प्रश्न असतो. मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, मित्रमंडळी हिंदी बोलणारी. त्यामुळे मराठी घरात कानावर पडते, पण वाचायची वेळ आली की मूल अडखळते. अनेक घरांत असे दिसते की आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. आजोबांच्या ट्रंकेतली पत्रे, आजीची पाककृतींची वही पुढे कोण वाचणार, हा विचार म्हणूनच आत्ता करायला हवा.

यासाठी वेगळा क्लास लावलाच पाहिजे असे नाही. तिसरी-चौथीच्या मुलासाठी घरी दिवसाला दोन-अडीच तास पुरतात. मात्र एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये. असा एक दिवस कसा आखता येईल ते पाहू.

सकाळी ८.३० : भाषा

हिंदी वाचणाऱ्या मुलाला देवनागरी येतच असते, म्हणजे निम्म्याहून अधिक काम आधीच झालेले असते. नेमके काय वेगळे आहे, तेवढेच शिकवायचे.

पहिले अक्षर 'ळ'. बाळ, फळा, शाळा, सकाळ असे दहा शब्द मुलालाच घरात शोधू द्या. मग 'च' आणि 'ज'-'झ' यांचे दोन उच्चार. 'चार' हा आकडा आणि गुरांचा 'चारा' मोठ्याने म्हणून पाहा, जीभ वेगळ्या जागी लागते. 'माझा' आणि 'माझी' यांतही तेच. अक्षर एकच असले तरी उच्चार दोन आहेत. हे पुस्तकातून कळत नाही, कानानेच शिकावे लागते, आणि त्यासाठी घरातल्या आजी-आजोबांसारखा शिक्षक नाही.

शुद्धलेखनात एकच नियम घ्या. हिंदीत 'कवि', 'गुरु' असे ऱ्हस्व लिहितात, तर मराठीत शब्दाच्या शेवटी आलेली इ-उ दीर्घ लिहितात : कवी, गुरू. एवढा एक नियम पक्का झाला तरी वहीतल्या बऱ्याच तांबड्या खुणा कमी होतील.

शेवटची दहा मिनिटे गमतीची. दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे शब्द जमवा. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र गुरुजींनी कोपऱ्यात उभे करणे! हिंदीत 'संसार' म्हणजे जग, मराठीत घरप्रपंच. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. लिंगही बदलते : हिंदीत चाय 'अच्छी' असते, मराठीत चहा 'चांगला' असतो. पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. अशी यादी मुले आपणहून वाढवतात.

सकाळी ९.३० : स्वयंपाकघरातले गणित

बेरीज-वजाबाकी मुलांना शाळेत येते, अडते ते मराठी संख्यावाचनात. 'उनतीस' कळते, 'एकोणतीस' म्हटले की चेहरा कोरा. इथे पाठांतराआधी अर्थ सांगावा. 'एकोण' म्हणजे एक ऊन, एक कमी. तिसाला एक कमी ते एकोणतीस, पन्नासाला एक कमी ते एकोणपन्नास. हे समजले की १९, २९, ३९ पासून ८९ पर्यंत सगळे एका सूत्रात बसतात. ९९ मात्र 'नव्व्याण्णव', तो अपवाद वेगळा लक्षात ठेवायचा. मराठी संख्यानामे अवघड असल्याची तक्रार महाराष्ट्रातही आहे. २०१९ साली तिथल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता.

यानंतर अपूर्णांक. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द म्हणजे आपल्या जुन्या शाळांचा ठेवा. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे तेव्हा पाठ करून घेत. आज सगळे पाठ करण्याची गरज नाही, पण अर्थ कळायला हवा. तो स्वयंपाकघरात लवकर कळतो. न्याहारीला पोहे करायचे आहेत, माणशी दीड वाटी, माणसे चार. किती वाट्या भिजवायच्या? सहा. पाऊण किलो बटाटे म्हणजे ७५० ग्रॅम. मग 'पाऊणशे' म्हणजे किती, 'सव्वाशे' म्हणजे किती, 'पावणेदोनशे' म्हणजे किती, हे विचारावे. ७५, १२५, १७५ ही उत्तरे मुलाने वाटीच्या हिशेबावरून स्वतः काढली तर ती कायमची राहतात. भाजीवाल्याकडे पैसे देण्याचे काम त्या दिवशी मुलाकडेच द्या.

सकाळी ११ ते १.३० : काठीची सावली

अंगणात किंवा गच्चीवर एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करा. कुंडीतल्या मातीत रोवली तरी चालेल, मात्र कुंडीच्या काठापासून वर एक मीटर मोजावी आणि सावलीही त्याच पातळीवर, एका सपाट पाटावर मोजावी. दर अर्ध्या तासाने, आणि बारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीची लांबी वहीत लिहायची. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नका.

सावली सर्वांत लहान केव्हा होते? बहुतेक मुले 'बारा वाजता' म्हणतील. इंदूरला मे-जूनमध्ये ती वेळ साधारण १२ वाजून २३ ते ३० मिनिटांची येते. कारण समजावणे सोपे आहे. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे. इंदूर सुमारे ७५.९ अंशांवर, म्हणजे त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुलालाच गुणाकार करू द्या : सव्वीस मिनिटे!

कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि इंदूर त्याच्या थोडे दक्षिणेला, २२.७ अंशांवर. म्हणून वर्षातून दोनदा, जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, भर दुपारी काठीची सावली दिसेनाशी होते. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात ती किंचित दक्षिणेकडे पडते, एरवी उत्तरेकडे. हीच काठी २१ मार्चला भरदुपारी सुमारे ४२ सेंटिमीटर सावली देईल आणि २२ डिसेंबरला सुमारे १०४. वही जपून ठेवून त्या दिवशी पुन्हा मोजावे. जवळच उज्जैनला सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. हा धडा झाल्यावर तिथली सहल अधिक रंगेल.

मोजमापांच्या मधल्या वेळात : नकाशा

नकाशा उघडून मुलाला विचारा, "आपल्या नळाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते?" इंदूरला नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपाने वर चढवून आणतात. नर्मदा पश्चिमेला वाहत अरबी समुद्राला मिळते. पण गावातले पाणी उतारावरून कान्ह नदीत जाते, तिथून क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात. मुलाने दोन रंगांनी या दोन वाटा रंगवाव्यात. माळव्याचे पठार म्हणजे काय, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

याच नकाशावर चौंडी, महेश्वर आणि इंदूर या तीन जागी टिंबे द्यावीत. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली चौंडीचा. १७६७ साली त्यांनी कारभार हाती घेतला, राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला ठेवली आणि १७९५ साली त्यांचे निधन झाले. आपल्यातली कित्येक घराणी या काळात किंवा त्यानंतर माळव्यात आली. आपले घर केव्हा, कुठून आणि कशासाठी आले, हे मुलाने आजोबांना विचारून पाच ओळींत लिहावे. हाच त्या दिवसाचा इतिहासाचा स्वाध्याय.

संध्याकाळी : एक पत्र

दुपार खेळायला आणि झोपायला मोकळी ठेवावी. संध्याकाळी मावशीला, काकाला किंवा आजीला मराठीत पत्र लिहायचे. वर गाव आणि तारीख, मग मायना, मग सावलीची हकीकत. चुका काढाव्यात, पण एका पत्रात दोनच. पत्र खरोखर पेटीत टाकावे, कारण उत्तर आले की मूल ते वाचण्यासाठी धडपडते.

काही पालक विचारतात की अशा अभ्यासावर शाळा सोडून भागेल का. वरचा आराखडा शाळेला पूरक आहे. पूर्ण शिक्षण घरीच द्यायचे असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाची माहिती घ्यावी. त्यातले अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरले जातात.

हे सगळे रोज जमणार नाही. आठवड्यातून दोन दिवस जमले तरी सहा आठवड्यांत बारा दिवस होतात. बारा पत्रे, सावलीच्या बारा नोंदी आणि 'एकोण'ची भीती गेलेले मूल, एवढे सुट्टीअखेर हाती आले तर पुष्कळ झाले.