बाईंना कुणी विचारलं?

कवी 'बी' यांचं नाव संगणकात मावत नाही, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण आमच्या वाचनालयात तसं घडलं, आणि घडलं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

आमचं तालुक्याचं गाव. सार्वजनिक वाचनालय जुनं, 'तालुका ब' दर्जाचं. मी टपाल खात्यात नोकरी करता करता कविता लिहिल्या, आणि लिहायच्या आधी जे काही वाचलं ते बहुतेक याच वाचनालयातलं. त्यामुळे कार्यकारिणीवर या म्हटल्यावर नाही म्हणवलं नाही. २०१२ साली आम्ही संगणकीकरणाचा ठराव केला. एका विक्रेत्याकडून तयार सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. विक्रेत्याचा माणूस आला, अध्यक्षांशी बोलला, चिटणीसांशी बोलला, चहा घेतला आणि गेला. ग्रंथपाल बाई त्या वेळी देवघेवीच्या टेबलाशी होत्या. पंचवीस वर्षं त्या टेबलाशी काढलेली बाई. त्यांना कुणी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. त्या चहाला मीही होतो.

सॉफ्टवेअरमध्ये लेखकाच्या नावासाठी तीन चौकटी होत्या : आडनाव, नाव, वडिलांचं नाव. पहिल्या दोन भरल्याशिवाय पुढे सरकता येत नसे, आणि चौकटीत किमान तीन अक्षरं पाहिजेत असा दंडक. नोंदी भरायला सुट्टीतली दोन मुलं लावली होती. त्यांनी आपल्या परीने वाट काढली. 'ग्रेस' झाले 'ग्रेस ग्रेस'. 'बी' झाले 'कवी बीबीबी'. शाहीर अमर शेखांचं आडनाव शेख आणि नाव अमर. आता शाहिरांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, हे त्या मुलांना कुठून ठाऊक असणार? ते बाईंना ठाऊक होतं.

माझंही आडनाव शेख. सरकारी कागदावर शेख आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पहिल्या संग्रहावर मी नुसतं टोपणनाव छापलं, दुसऱ्यावर कागदावरचं नाव, आणि तिसऱ्यावर प्रकाशकाने परस्पर शेख शेवटी नेऊन ठेवलं. संगणकात मी तीन माणसं झालो. एके दिवशी कॉलेजातली एक मुलगी माझा पहिला संग्रह शोधत आली. माझ्या नावावर तो सापडला नाही. 'नोंद नाही' असं उत्तर आलं. पुस्तक तिच्या पाठीमागच्याच कपाटात होतं.

जुन्या कार्डांच्या खणात बाईंनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला होता. 'आरती प्रभु – पाहा : खानोलकर, चिं. त्र्यं.' असं एक कार्ड, आणि खानोलकरांच्या कार्डावर उलटी नोंद. कुसुमाग्रजांचं शिरवाडकरांकडे बोट, गोविंदाग्रजांचं गडकऱ्यांकडे. संगणक आला आणि ते खण माळ्यावर गेले.

सॉफ्टवेअर लिहिण्याआधी ते ज्यांना वापरायचं आहे त्यांच्या गरजा समजून घ्यायच्या असतात. त्या व्यवसायात हे कामाचं पहिलं पाऊल मानतात. आमच्याकडे ते पाऊल उचललंच गेलं नव्हतं. हे मला माझ्या भाच्याने समजावलं. तो पुण्यात इंजिनिअरिंग शिकून नोकरीला लागला होता. म्हणाला, "मामू, तुम्ही कोहा का नाही बघत? मुक्त स्रोत आहे."

मुक्त स्रोत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. संगणकाला ज्या सूचना लिहून दिलेल्या असतात त्यांचा मजकूर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा कुलूपबंद असतो. मुक्त स्रोतात तो उघडा असतो. कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. परवाना तशी मुभा देतो. ऐकायला फार छान. पण बाईंनी एक प्रश्न विचारला, तो मला अजून आठवतो. "वाचायला मोकळा आहे हो, पण तो मला वाचता येणार का?"

नेमकं इथेच गाडं अडतं. मुक्त स्रोतातली पहिली मोठी कामं बघा : लिनक्स, किंवा वेबसाइट चालवणारं अपाची. ती लिहिणारे आणि वापरणारे बरेचसे एकाच जातीचे लोक होते, म्हणजे प्रोग्रामर. स्वतःला जे टोचत होतं ते त्यांनी काढलं, गरज कुणाला विचारायची वेळच आली नाही. पण वापरणारी व्यक्ती ग्रंथपाल असेल, परिचारिका असेल, तर ज्याला टोचतंय तो वेगळा आणि ज्याच्या हातात चिमटा आहे तो वेगळा. मग उघडा मजकूरही तिच्या दृष्टीने बंदच.

कोहाची गोष्ट मला भावली ती यासाठी, की ती वाचनालयातूनच सुरू होते. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या उत्तरेला होरोफेनुआ नावाचा लहानसा जिल्हा आहे. लेव्हिन, फॉक्सटन, शॅनन ही तिथली गावं. १९९९ साली तिथल्या वाचनालय ट्रस्टपुढे पेच पडला. जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हतं. बाजारातली नवी सॉफ्टवेअरं महाग, आणि गावोगावच्या शाखा जोडायच्या तर वेगळी खर्चिक लाइन घ्या म्हणणारी. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या काटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीने सुचवलं, नवंच लिहू या. साध्या टेलिफोनवर, मोडेमवर चालेल असं. ख्रिस कॉर्मॅक या तरुणाने मूळ प्रोग्राम लिहिला, आणि जानेवारी २०००मध्ये तो चालू झाला. 'साध्या टेलिफोनवर चाललं पाहिजे' ही गरज कुठल्या पुस्तकातून आली नव्हती. ती वाचनालयाच्या टेलिफोन बिलातून आली.

मग ट्रस्टने ते सॉफ्टवेअर साऱ्या जगाला मोकळं करून टाकलं. त्यात निव्वळ उदारपणा नव्हता, हिशेबही होता. आपण एकटेच वापरत राहिलो तर उद्या दुरुस्ती कोण करणार? चार जण वापरू लागले तर चार जण निस्तरतील. नाव ठेवलं 'कोहा'. हा माओरी शब्द आहे. पाहुणा यजमानाकडे जाताना जी भेट घेऊन जातो ती कोहा, आणि तिच्यात परतफेडीची अपेक्षा गृहीत असते. मला लगेच आपला आहेर आठवला. लग्नघरात आहेराची वही असते, कुणी काय दिलं ते टिपून ठेवायला. ती वही मोजदादीसाठी कमी आणि पुढच्या लग्नात आपण काय द्यायचं यासाठी जास्त. आमच्या निकाहातही ती वही असतेच.

परतीचे आहेर आलेही. फ्रान्समधल्या पॉल पूलँ यांनी २००१पासून अनेक भाषांची सोय त्यात आणली. ग्रंथनोंदींचा 'मार्क' नावाचा जगभर चालणारा साचा आहे. त्याची सोय वाढवायला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲथेन्स काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयांनी पैसे दिले. एकाने पैसे दिले, फायदा सर्वांना. पुढे एका अमेरिकन कंपनीने 'कोहा' या शब्दावरच न्यूझीलंडमध्ये व्यापारचिन्ह मागितलं. २०११ साली त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि २०१३मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. त्याच २०११ साली कोहाची जागतिक परिषद आपल्या ठाण्यात भरली होती, विद्या प्रसारक मंडळाच्या यजमानपदाखाली. आमच्या गावाला त्याचा पत्ता नव्हता.

२०१६ साली आम्ही कोहा घ्यायचं ठरवलं. अध्यक्ष म्हणाले, "फुकट मिळतंय ना? मग धर्माच्या गायीचे दात कशाला मोजायचे?" भाच्याने आठ दिवसांची रजा काढली. या वेळी मी पहिल्याच दिवशी त्याला बाईंपुढे बसवलं. त्याने वही उघडून विचारलं, "ताई, तुम्हाला काय काय हवं?" बाई म्हणाल्या, "आधीसारखंच द्या. फक्त लवकर व्हायला हवं." एवढंच. पान कोरं राहिलं.

यात बाईंची चूक नव्हती. हाताला माहीत असलेलं तोंडाने सांगता येत नाही. मला कुणी विचारलं की तुम्ही ओळ कुठे तोडता, तर मी तरी काय सांगणार? स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९८१ ते १९८५ या काळात 'युटोपिया' नावाचा एक प्रकल्प झाला. वर्तमानपत्रांची पानं संगणकावर लावायचं तंत्र येऊ घातलं होतं. तिथल्या छपाई कामगारांच्या संघटनेने संशोधकांना सोबत घेतलं. जे यंत्र अजून बनलंच नव्हतं त्याच्या जागी त्यांनी पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडी फळ्या मांडल्या आणि जुळाऱ्यांना म्हटलं, हेच यंत्र समजा आणि काम करून दाखवा. हात चालू लागले तसं जुळाऱ्यांना बोलता येऊ लागलं. इथे पडदा लहान आहे, इथे मला दोन पानं शेजारी शेजारी दिसली पाहिजेत, असं.

भाच्याने वही मिटली आणि तो देवघेवीच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसला. चार दिवस नुसता बघत राहिला. मग पानं भरू लागली. वाचक पुस्तकाचं नाव सांगत नाहीत, "ते निळ्या पुठ्ठ्याचं, त्यात विहिरीचं आहे बघा" असं म्हणतात. एका कार्डावर अख्खं घर वाचतं, सासूचं धार्मिक वेगळं आणि सुनेचं वेगळं. दिवाळी अंकांची योजना निराळी. तिची वर्गणी वेगळी, आणि अंक चार दिवसांत परत, नाहीतर पुढचे खोळंबतात. विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरला दिवाळी अंक हे मासिक वाटत होतं आणि मासिक घरी देता येत नव्हतं. त्यामुळे बाई गेली चार वर्षं ती योजना वेगळ्या वहीत चालवत होत्या. आम्हा कार्यकारिणीच्या लोकांना याची गंधवार्ता नव्हती. कोहात सभासदाचा प्रकार आणि साहित्याचा प्रकार यांचा कोष्टकासारखा मेळ घालून नियम ठरवता येतात, प्रोग्रामला हात न लावता. दिवाळी अंक पंधरा मिनिटांत बसले. नावांचंही तसंच. एका माणसाची सगळी नावं एकाच नोंदीखाली बांधायची सोय त्यात होतीच. कुठली नावं कुणाची ते मात्र बाईंनी सांगितलं.

सगळ्यात मौजेची गोष्ट पेन्सिलीची. आमचे म्हातारे वाचक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक खूण करतात. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण. हे आपलं वाचून झालंय, पुन्हा न्यायचं नाही. बाई त्यांच्यावर ओरडतात आणि पुस्तक देण्याआधी स्वतःच ती खूण बघून सांगतात, "आजोबा, हे झालंय तुमचं." भाचा म्हणाला, सोपं आहे, प्रत्येकाने काय वाचलं ते संगणक लक्षात ठेवील.

इथे मी अडलो. आजोबांना हवं ते ठीक, पण मी काय वाचतो ते कायमचं लिहून ठेवलेलं मला नको. उद्या कुणी त्या यादीवरून माझा माणूस म्हणून हिशेब मांडावा, याची मला भीती वाटते, आणि ही भीती सर्वांना सारखी वाटत नाही हेही मला ठाऊक आहे. अमेरिकेत २००१च्या दहशतवादविरोधी कायद्यानंतर अनेक ग्रंथपालांनी वाचकांच्या जुन्या नोंदी ठेवणंच नको अशी भूमिका घेतली होती. म्हणजे गरजा गोळा करायच्या म्हटल्या तरी त्या एकमेकींशी भांडतात. 'वापरणारा' असा एक माणूस नसतोच. कोहात हा वाद आधीच कुणीतरी घातला असावा, कारण त्यात सोय आहे. वाचनालयाने परवानगी ठेवली तर आपली जुनी यादी कायम ठेवायची, वाचनालयाच्या नियमाप्रमाणे ठेवायची की पुस्तक परत करताच आपलं नाव पुसायचं, ते ज्याचं त्याला निवडता येतं. आजोबांनी एक निवडलं, मी दुसरं.

आणखी एक पद्धत मला फार आवडली. कोहात कुणी बदल सुचवला की त्याला क्रमांक मिळतो. प्रोग्रामर दुरुस्ती लिहितो आणि सोबत तपासायच्या पायऱ्या साध्या भाषेत लिहितो : इथे दाबा, हे भरा, असं दिसायला हवं. मग दुरुस्ती लिहिणारा सोडून दुसऱ्याने ते करून बघून सही द्यायची. त्यानंतर आणखी एक तपासणी. पहिली सही करणारा प्रोग्रामर असण्याची गरज नसते, ग्रंथपाल चालतो. त्यासाठी सरावाची वेगळी प्रत इंटरनेटवर मिळते, तिथे काही बिघडलं तरी कुणाचं वाचनालय बंद पडत नाही. सगळं इंग्रजीत आहे ही अडचण आहेच, आणि ती लहान नाही. पहिल्यांदा भाचा वाचून मराठीत सांगायचा आणि बाई करून बघायच्या. सही दिली त्या दिवशी बाईंनी पेढे आणले. अध्यक्षांनी विचारलं, कसले? बाई म्हणाल्या, "आहेर केला."

आता टेबलावर एक वही दोरीने बांधलेली असते. वाचकाला काय खटकलं ते त्याने तिच्यात लिहायचं. कुणी ऱ्हस्वदीर्घ चुकवून शोधलं तर सापडत नाही असं लिहितो, कुणी पंखा आवाज करतो असं. बाई महिन्याने वही भाच्याला वाचून दाखवतात, पंख्यासकट.

परवा मी स्वतःचं नाव शोधून पाहिलं. तिन्ही संग्रह एकाखाली एक आले. दोन कपाटात होते, तिसरा बाहेर गेलेला. कुणाकडे आहे ते मी बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.