रिकाम्या खुर्चीचे तिकीट कोण काढणार?

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला आला. एरवी या दिवशी नारायणगावात तमाशाच्या राहुट्यांपुढे गावोगावचे कारभारी बसलेले असतात. जत्रेची सुपारी ठरते, आगाऊ रक्कम हातात पडते आणि फडमालकाच्या डोक्यावरचे कर्ज थोडे हलके होते. त्या वर्षी नेमक्या पाडव्यालाच देशभर टाळेबंदी सुरू झाली. चैत्र-वैशाखातल्या जत्रा रद्द झाल्या आणि कलावंतांना वाटलेली उचल फडमालकांच्या अंगावर आली.

पनवेलमध्ये राहुट्या नाहीत, पण आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे आणि त्यावर पोट असणारी माणसे आहेत. मराठी नाटकात पडद्यामागच्या माणसाला महिन्याचा पगार नसतो, ‘नाइट’ असते. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर काहीच नाही. नेपथ्य लावणारा, दिवे सांभाळणारा, कपडेपटाला इस्त्री करणारा, दौऱ्याच्या बसचा चालक, सगळे या एकाच हिशेबावर जगतात. राज्यातली नाट्यगृहे 5 नोव्हेंबर 2020 ला निम्म्या प्रेक्षकांसह उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 ला परत उघडली, तीही निम्म्याच खुर्च्यांवर. प्रशांत दामले यांच्यासारख्यांनी आपल्या पडद्यामागच्या सहकाऱ्यांना आपणहून पैसे दिले. पण एका निर्मात्याच्या खिशाला मर्यादा असतेच.

आणि जी माणसे कुठल्याच नाट्यसंस्थेच्या यादीत नाहीत, त्यांचे काय? पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी लग्नात धवलारीण लागते. हळदीपासून प्रत्येक विधीचे धवले, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, तिला तोंडपाठ असतात. एप्रिल 2021 च्या निर्बंधांनुसार लग्नाला 25 माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. दोन तासांत धवले कसे गायचे, आणि पंचवीस जणांत तिला कोण मोजणार? बेंजो, बँडवाले, भजनी बुवा, सगळ्यांची गत हीच.

याच काळात उद्योगांनी बरेच केले. ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पनवेलच्या पुढे, खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीत रिलायन्सने मार्च 2020 मध्येच विलगीकरण केंद्र उभारून जिल्हा प्रशासनाच्या ताब्यात दिले. टाटा ट्रस्टने 500 कोटी आणि टाटा सन्सने 1000 कोटी जाहीर केले. आधी खाट, प्राणवायू आणि शिधा, हा क्रम बरोबरच होता. पण खाटेची तजवीज झाली आणि महिने लोटले, तरी कलावंताचा विचार बहुतेक ठिकाणी झालाच नाही.

कायदा आड येत होता का? नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) म्हणून, खर्चायचे असतात. 23 मार्च 2020 च्या परिपत्रकाने कोविडवरचा खर्च त्यात धरला. पण त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत भूकनिर्मूलन आहे, तसेच कला-संस्कृतीचे जतन आणि पारंपरिक कलांचा विकासही आहे. कंपनीने आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या दृष्टीने हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा वास ज्या गावांनी वर्षानुवर्षे सोसला, त्या गावांचा कंपन्यांच्या पैशावर पहिला हक्क आहे. तिथली धवलारीणही त्यात आली.

सरकारने 2021 मध्ये सुमारे 56 हजार कलावंतांना एकरकमी 5 हजार रुपये द्यायचे ठरवले. एवढ्यात घराचा महिनाभराचा किराणा जेमतेम भागतो. इथे कंपन्यांना वेगळे काही करता आले असते. मोसंबी-शिध्याची पिशवी देऊन फोटो काढण्यापेक्षा कलावंताला काम द्यायचे. पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा, कामगार मेळाव्याचा कार्यक्रम आजच ठरवायचा आणि मानधन आजच पूर्ण द्यायचे. सुपारीची रीत कलावंताला परकी नाही, आणि घेतलेल्या पैशात त्याला मिंधेपणा वाटत नाही. असा एकेक कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाही, तो कंपनीच्या कल्याण निधीतून करावा लागेल. सीएसआरचा पैसा लांब पल्ल्याच्या कामाला लावावा: धवल्यांचे ध्वनिमुद्रण, गाणाऱ्या बाईला त्याचे मानधन, मुलींना शिकवण्याचे वर्ग. 2021 च्या सुधारित नियमांनी तर सुरू केलेले आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाची वाट मोकळी केली आहे.

नाट्यगृहाचेही तसेच. नियमाने निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या होत्या. एखाद्या कंपनीने त्या रिकाम्या खुर्च्यांची तिकिटे विकत घेतली असती, तर निर्मात्याचा तोटा भरून निघाला असता आणि पडद्यामागच्यांची नाइट सुटली नसती. प्रेक्षक बसलाच पाहिजे, अशी अट तिकिटावर कुठे असते? कलेला आश्रय द्यायचा, तर पडत्या काळातच द्यावा.

श्रीधूतपापेश्वरचा औषधनिर्मितीचा उद्योग पनवेलमध्ये 1872 पासून आहे. त्या एका उद्योगाच्या हयातीत 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1918 मध्ये इन्फ्लुएन्झा आला आणि 2020 मध्ये कोरोना. साथ पुन्हा येणार, हे धरूनच चालावे. तळोजा, पाताळगंगा आणि रसायनीतल्या कंपन्यांच्या सीएसआर विभागांना म्हणून एक विनंती आहे: महापालिका, नाट्य परिषदेची शाखा आणि ग्रामपंचायती यांना बरोबर घेऊन आपल्या परिसरातल्या कलावंतांची यादी आत्ताच करा. नाव, कला, बँक खाते, घरात खाणारी तोंडे किती, एवढे पुरे आहे. 2020 मध्ये ही यादी हाताशी असती, तर एप्रिलमध्येच पैसे खात्यात पोचले असते.