‘दिवसाला दोनच’ आणि अशाच काही समजुती

सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून आजाराच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. सिगारेट वाईट, एवढं आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. अडचण त्याच्या पुढची आहे. ओढणाऱ्याने मनात स्वतःपुरती एक सवलत काढून ठेवलेली असते: ‘ते फार ओढणाऱ्यांचं झालं, माझं तसं नाही.’ माणसं व्यसनात अडकून राहतात त्यात अज्ञानापेक्षा या सवलतींचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. म्हणून त्या एकेक तपासून पाहायला हव्यात.

त्यातली सर्वांत घातक सवलत म्हणजे ‘मी दिवसाला दोनच ओढतो.’ टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याला तर आपण ओढणाऱ्यांत मोडतो असंही वाटत नसतं. यामागचा हिशेब वरवर सरळ दिसतो: वीस ओढणाऱ्याला जेवढा धोका, त्याच्या विसाव्या हिश्शाइतका एक ओढणाऱ्याला. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत हा हिशेब थोडाफार लागू पडतो, पण तिथेही दिवसाला किती ओढल्या यापेक्षा किती वर्षं ओढल्या हे अधिक महत्त्वाचं ठरतं. हृदयाच्या बाबतीत मात्र तो साफ चुकतो. १४१ दीर्घकालीन अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालं. रोज वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जेवढा जादा धोका पत्करावा लागतो, त्यातला सुमारे ४६ टक्के पुरुषांना रोज एकाच सिगारेटमध्ये पत्करावा लागतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के निघालं. विसाव्या हिश्शाच्या हिशेबाने ते पाच टक्के असायला हवं होतं.

याचं कारण रक्तवाहिन्यांत आहे. धूर थोडा असला तरी रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू लागतात, गुठळी होण्याची शक्यता वाढते आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं. हा परिणाम पहिल्या काही झुरक्यांतच बराचसा होऊन जातो, पुढच्या सिगारेटी त्यात तुलनेने कमी भर घालतात. त्यामुळे वीसवरून पाचवर येणं ही पूर्ण सोडण्याआधीची पायरी असेल तर उत्तमच, पण पाचवर थांबून हृदय वाचलं असं समजू नये.

घरातल्या माणसांना होणारा त्रासही याच कारणाने कळतो. स्वतः कधी न ओढणाऱ्या, पण दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी सुमारे ९१ हजार बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. या बायका स्वतः ओढत नव्हत्या. तरीही ज्यांचे नवरे भरपूर ओढत त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग जास्त आढळल्याचं त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं. खिडकी उघडून किंवा पंखा लावून हा धूर घराबाहेर जात नाही. लहान मूल असलेल्या घरात तरी ही पळवाट कोणी काढू नये, हे मी कळकळीने सांगतो.

‘एक्स-रे काढला, छाती स्वच्छ आहे,’ हे वाक्यही वारंवार ऐकू येतं. छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या धमन्यांतला अडथळा दिसत नाही. श्वासनलिका कायमच्या आक्रसत जाणारा सीओपीडी हा आजारही सुरुवातीला त्यात दिसत नाही. त्यासाठी फुंकून करायची स्पायरोमेट्री चाचणी लागते. गूळ खाल्ल्याने किंवा रोज पळायला गेल्याने फुफ्फुसं धुतली जातात, यालाही आधार नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुफ्फुसात नव्हे.

आता बिडी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त निघाले. बिडी म्हणजे गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातलं तेंदूपान आणि चिमूटभर तंबाखू. यात कागद नाही, रसायन नाही, म्हणून ती ‘देशी’ आणि सौम्य, असं गावोगाव मानलं जातं. प्रत्यक्षात बिडीत तंबाखू कमी असूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकंच किंवा जास्त मिळतं. तेंदूच्या पानातून हवा सहज आत शिरत नाही आणि बिडी पटकन विझते. ती पेटती ठेवायला माणूस जोराने आणि पुन्हा पुन्हा ओढतो. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ लाख घरांमधून केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचं आठ, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं दहा वर्षांनी घटलेलं दिसलं. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने मृत्यू येण्याचा धोकाही दुपटीहून अधिक होता. क्षयरोग्याच्या हातातली बिडी सुटणं हा त्याच्या उपचाराचाच भाग मानायला हवा.

‘लाइट’ सिगारेटचीही गोष्ट अशीच. फिल्टरला बारीक भोकं पाडलेली असतात. मोजणी यंत्र ओढतं तेव्हा त्यांतून हवा मिसळते आणि डांबराचा आकडा कमी येतो. माणसाची बोटं आणि ओठ ती भोकं झाकतात आणि निकोटीनची तलफ भागेपर्यंत तो खोल ओढत राहतो. धूर फुफ्फुसाच्या अधिक आतल्या भागात पोचतो. अमेरिकेत २०१० पासून पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे शब्द वापरायला बंदी आहे.

‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते.’ असतील. जे पन्नाशीत गेले ते आजोबा झालेच नाहीत, आणि त्यांचा दाखला द्यायला कोणी उरलं नाही.

‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाचं उत्तर फार स्पष्ट आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचाच अभ्यास सुरू केला. ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी २००४ मध्ये मांडल्या गेल्या. ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळजवळ सगळी वाचवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनीही तीन वर्षं. एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो.

‘सिगारेटशिवाय डोकं चालत नाही, सकाळी पोट साफ होत नाही’ ही तक्रार खोटी नाही, पण तिचं कारण उलटं आहे. रात्रभरात निकोटीन उतरतं, चिडचिड होते, आणि पहिली सिगारेट ती चिडचिड शमवते. सोडल्यावर तलफ पहिले तीन दिवस सर्वांत तीव्र असते आणि दोन-चार आठवड्यांत ओसरते. काहींना या काळात बद्धकोष्ठ होतं, तेही जातं. सोडलेल्यांची चिंता आणि उदासी पुढे कमीच होते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

एकदा सोडून पुन्हा सुरू झालं तर ते मनाचं दुबळेपण नव्हे, बहुतेकांना दोन-चार प्रयत्न लागतातच. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक सरकारी आणि मोफत आहे, तिथले समुपदेशक मदत करतात. औषधाच्या दुकानात निकोटीनचा च्युइंगगम मिळतो. तो साध्या गमसारखा सतत चघळायचा नसतो: थोडा चावून चव तिखट लागली की गालात धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. हृदयाचा आजार असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.