प्लेटिंगच्या गाळ्यातली हवा आणि आपली हरकत

नळाच्या तोटीची, सायकलच्या हँडलची चकाकी बहुधा क्रोम प्लेटिंगची असते. हे काम अनेकदा वस्तीला लागून असलेल्या गाळ्यांत चालते. क्रोमिक आम्लाच्या टाकीत वस्तू बुडवून वीज सोडतात. मग बुडबुडे उठतात आणि ते फुटताना आम्लाचे बारीक तुषार हवेत उडतात. या तुषारांत हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असते. धूर दिसला नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असे इथे समजू नये.

हे क्रोमियम श्वासातून गेल्यास फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. टाकीवर काम करणाऱ्यांना दमा होतो, हातांवर न भरणारे व्रण पडतात, नाकाच्या पडद्याला भोकही पडते. 1948 च्या कारखाना कायद्याने क्रोमचे व्रण हा सरकारला कळवण्याचा आजार ठरवला. नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर डॉक्टरांना आपले काम काय ते आधी सांगा.

अमेरिकेत सॅन डिएगो शहरात बॅरिओ लोगन नावाची मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची वस्ती आहे. तिथे घरांना खेटून प्लेटिंगचा कारखाना होता. रहिवाशांनी संघटनेच्या मदतीने हवा मोजण्याची मागणी लावून धरली. मोजणीत क्रोमियम जास्त आढळले आणि 2002 मध्ये तो कारखाना बंद झाला. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने नियम कडक केले. मे 2023 मध्ये, जनसुनावण्यांत रहिवासी आणि कारखानदार दोघांचेही ऐकून, मंडळाने हे क्रोमियम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले: शोभेच्या प्लेटिंगसाठी साधारण 2027 पासून, यंत्रभागांच्या कठीण प्लेटिंगसाठी 2039 पासून.

कारखानदारांनी रोजगाराचा प्रश्न मांडला होता. तो आपलाही आहे, कारण गाळ्यात राबणारे हात बहुतेक वस्तीतलेच असतात. म्हणून मागणी नेमकी हवी. शोभेच्या कामाला कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमियम चालते. टाकीवर हवा ओढणारी यंत्रणा आणि फिल्टर बसवता येतात. कामगाराला हातमोजे, साबण-पाणी आणि कपडे बदलायला जागा मिळायला हवी. कामाचे कपडे घरी आणले, तर विष लेकरांपर्यंत येते.

आपल्याकडे इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषणाच्या लाल वर्गात मोडते. अशा उद्योगाला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र लागते. तेव्हा एवढे करा:

• माहिती अधिकारात संमतिपत्राची आणि हवा तपासणीच्या अहवालाची प्रत मागा.

• वास कधी येतो, कोणाला काय त्रास होतो, हे तारीख-वेळेसह वहीत लिहा.

• मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्या. कामगारांच्या तक्रारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे न्या.

• नव्या नियमाचा मसुदा राजपत्रात आला की ठरलेल्या मुदतीत हरकती-सूचना पाठवा.

बाबासाहेबांनी 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या प्रश्नांना कायद्याचे रूप दिले. त्या कायद्याचा उपयोग अर्ज केल्यावरच होतो. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात वही उघडा. पहिली नोंद गाळ्यात काम करणाऱ्या भावा-बहिणींची घ्या.