‘हाउल’पासून ‘गोलपिठ्या’पर्यंत

बंडखोर वाङ्मयाचें नांव निघालें कीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात आणि तरुण मंडळी कान टवकारतात. दोहोंचें कारण बहुधा एकच असतें: तें वाङ्मय कोणीहि नीट वाचलेलें नसतें. म्हणून आज अमेरिकेंतील एका बंडखोर पिढीची आणि तिच्या मराठींत उमटलेल्या पडसादांची हकीकत आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९४४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या आसपास ॲलन गिन्सबर्ग, जॅक केरुॲक आणि विल्यम बरोज ह्या तिघांची गांठ पडली. पुढल्याच वर्षीं महायुद्ध संपलें. अमेरिका जिंकली, घरोघर मोटार आली, शीतकपाट आलें. परंतु ज्या देशानें हिरोशिमावर अणुबाँब टाकला, त्याच देशानें आतां नीटनेटकी नोकरी, टुमदार घर आणि शेजाऱ्यासारखेंच दिसण्याची धडपड हाच काय तो पुरुषार्थ मानावा, ह्याचा ह्या तरुणांस वीट आला. त्यांस पुढें ‘बीट’ पिढी म्हणूं लागले. गिन्सबर्गनें ‘हाउल’, म्हणजे आक्रोश, ही आपली दीर्घ कविता १९५५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें प्रथम वाचून दाखविली. पुस्तक १९५६ त निघालें आणि १९५७ त त्याच्या प्रकाशकावर अश्लीलतेचा खटला भरण्यांत आला. पुस्तकास सामाजिक मूल्य आहे, असा निर्वाळा देऊन न्यायाधीशानें प्रकाशकास सोडून दिलें.

हें वाचून आपल्याकडील जाणत्या वाचकांस मर्ढेकरांची आठवण होईलच. त्यांच्या १९४७ च्या ‘कांहीं कविता’ ह्या संग्रहावरहि असाच खटला झाला होता व तेहि निर्दोष सुटले होते. तेव्हां मराठींतील बंड हें केवळ अमेरिकेहून आलेलें उसनें सामान, असें म्हणणाऱ्यांनीं हा क्रम ध्यानांत घ्यावा.

केरुॲकची एक गोष्ट आम्हां बीडकरांस विशेष जवळची वाटावी अशी आहे. ‘ऑन द रोड’ ही कादंबरी त्यानें १९५१ सालीं सुमारें तीन आठवड्यांत टंकयंत्रावर लिहून काढली. कागद बदलण्यांत विचाराची धार तुटूं नये म्हणून त्यानें कागद एकास एक चिकटवून जवळजवळ १२० फुटांची गुंडाळी केली होती. आमच्या अंबाजोगाईस दासोपंतांची ‘पासोडी’ आहे. ह्या संतकवीनें चारशें वर्षांपूर्वीं ‘पंचीकरण’ हा वेदान्ताचा विषय लांबलचक कापडावर लिहून ठेविला. एकानें दुसऱ्याचें नांवहि ऐकलेलें नव्हतें, हें उघड आहे, आणि विषयांचें अंतर तर जमीनअस्मानाचें! पण मजकूर ओसंडूं लागला म्हणजे कवीस रोजचा कागद पुरत नाहीं, एवढें दोन्ही ठिकाणीं खरें.

गिन्सबर्ग १९६२ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरला आणि पुढें कलकत्ता, काशी असा वर्षाहून अधिक काळ ह्या देशांत राहिला. तो गुरूच्या शोधांत आला होता. स्मशानांत आणि साधूंच्या धुनीपाशीं बसत होता. मुंबईंत त्याची गांठ अशोक शहाणे, अरुण कोलटकर ह्या मंडळींशीं पडली. पण हीं माणसें त्याच्या येण्याची वाट पाहत बसलेलीं नव्हतीं. ‘शब्द’ हें अनियतकालिक १९५४ सालींच निघालें होतें आणि त्यांत कोलटकर व दिलीप चित्रे होते. १९६३ त शहाण्यांचें ‘असो’ आलें. त्याच सालीं त्यांचा मराठी साहित्यावरील ‘क्ष-किरण’ हा लेख ‘मनोहर’सारख्या घरंदाज मासिकांत छापून आला आणि प्रतिष्ठित लेखकवर्गांत मोठी खळबळ उडाली. त्याच वर्षीं आलेल्या नेमाड्यांच्या ‘कोसला’वर अमेरिकन कादंबऱ्यांची छाया किती, ह्यावर विद्वानांनीं बरीच शाई खर्च केली, तिचा हिशेब येथें मांडण्याचें कारण नाहीं.

आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. अमेरिकन कवि येथें साधुसंत हुडकीत आला. आणि अमेरिकन कविता व संगीत ज्यांच्या कानांत होतें, ते मराठी कवि त्याच सुमारास तुकारामाकडे वळले. कोलटकरांनीं संतांचे अभंग रोखठोक इंग्रजींत आणले, पखवाज शिकले, आणि त्यांच्या ‘जेजुरी’स १९७७ सालीं कॉमनवेल्थ पारितोषिक मिळालें. चित्र्यांचें तुकारामाचें इंग्रजी भाषांतर १९९१ त प्रसिद्ध झालें. आजोबांच्या देवघरांतील गाथा नातवाच्या हातीं सातासमुद्रांकडून फिरून आली, असेंच म्हणावें लागतें.

अमेरिकेचा दुसरा प्रवाह मात्र गोऱ्या भटक्यांचा नव्हे, काळ्यांचा. तो मुंबईआधीं मराठवाड्यास भिडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं औरंगाबादेस उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयांत अमेरिकेंत शिकून आलेले म. ना. वानखडे हे निग्रो लेखकांविषयीं विद्यार्थ्यांशीं बोलत. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’नें खेड्यापाड्यांतल्या नव्या लेखकांस जागा दिली. १९६६ सालीं अमेरिकेंतील ओकलंड येथें ‘ब्लॅक पँथर’ पक्ष निघाला होता. त्याच्याच नांवावरून १९७२ सालीं मुंबईंत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदि तरुणांनीं ‘दलित पँथर’ स्थापिली. त्या वर्षीं स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव होता. साने गुरुजींनीं सुरू केलेल्या ‘साधने’च्या १५ ऑगस्टच्या अंकांत ढाल्यांनीं विचारलें, राष्ट्रध्वजाच्या अपमानास जी शिक्षा आहे, तिच्या मानानें दलित स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा इतकी हलकी कां? त्यांच्या भाषेवर गदारोळ झाला. प्रश्नाचें उत्तर देण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली.

ढसाळांचा ‘गोलपिठा’ ह्याच १९७२ चा. त्यास विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि त्या प्रस्तावनेवरूनच कळतें कीं त्यांतील कित्येक शब्द तेंडुलकरांसारख्या मुंबईकरासहि विचारून घ्यावे लागले. ज्या वस्तीचे ते शब्द, ती वस्ती आपल्या घरापासून किती दूर होती, हें ह्यावरून समजावें. हें पुस्तक सुनामुलींच्या हातीं देऊं नये, असें कित्येक घरांत ठरलें होतें. आमचें मत ह्याच्या उलट आहे. त्यांतील शिवी ही चवीसाठीं घातलेली नाहीं. ती त्या माणसाच्या कानीं जन्मापासून पडलेली आहे, आणि ती देणारांत आपल्या आळीचीहि माणसें होतीं.

ह्याची झळ मराठवाड्यास लागलीच. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठास आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला आणि आपल्या भागांतील गांवोगांवच्या दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजीं, संक्रांतीच्या दिवशीं. मध्यें साडेपंधरा वर्षें गेलीं.

आतां बंडखोरांची दुसरी बाजू. रस्त्याचें स्तोत्र गाणारा केरुॲक दर भटकंतीनंतर आईच्याच घरीं परत जाई. म्हणजे चूल पेटती ठेवणारें कोणीतरी लागेच. बरोजच्या हातून १९५१ सालीं मेक्सिकोंत नशेंतल्या खेळांत बायकोवर गोळी सुटली आणि ती मेली. डायन दि प्रिमासारख्या कवयित्री त्या मेळ्यांत होत्या, परंतु त्यांचीं नांवें बऱ्याच काळपर्यंत कंसांतच राहिलीं. आपल्याकडे ढसाळांच्या पत्नी मलिका अमर शेख यांनीं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हें आत्मकथन १९८४ सालीं लिहून, घराबाहेर वाघ म्हणून वावरणारा माणूस घरांत कसा होता, तें आडपडदा न ठेवितां सांगितलें. त्यानें ‘गोलपिठ्या’चें मोल आमच्या मतें तसूभरहि कमी होत नाहीं, मात्र ज्या घरांत ‘गोलपिठा’ येईल, त्या घरांतील स्त्रिया हें दुसरें पुस्तक आधीं मागतील, आणि तें त्यांस द्यावें.