काउंट आला, पुढे काय?

अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हटलं की नातेवाईक ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसायच्या तयारीने येतात. विरार-नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून आलेले काका-मामा विचारतात, "आत कधी घेणार?" आत कुणालाच घेत नाहीत. खोलीतच स्टँडला एक पिशवी टांगतात, रक्त चढवावं तशा दात्याच्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी चढतात आणि थोड्या वेळात पिशवी रिकामी होते. तो 'डे झीरो'. प्रत्यारोपण विभागात समन्वयक म्हणून काम करताना मी जे पाहते, ते बहुतेक त्यानंतरचं असतं.

1983 साली परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी रक्ताचा कर्करोग झालेल्या 9 वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. दाता होता तिचा भाऊ. सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे पेशींवरचं ओळखचिन्ह, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आता घरात मुलंच एक किंवा दोन. आई-वडील मात्र निम्मे तरी जुळतातच. म्हणून आज आमच्याकडे कितीतरी घरांत दाता बाप असतो. अशा निम्म्या जुळणीच्या प्रत्यारोपणाला सगळे 'हॅप्लो' म्हणतात.

हॅप्लोत सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो तो पहिल्या चार दिवसांत. पेशी चढवल्यावर अनेकांना सणसणून ताप येतो. एका वडिलांनी मोबाइलवर वाचून डॉक्टरांना गाठलं: "स्टेरॉइडने ताप उतरतो ना? मग देत का नाही?" दाराबाहेर उभ्या आईला वाटत होतं, आपल्या मुलाकडे दुर्लक्ष होतंय. अँटिबायोटिक चालू होतं, रक्ताचं कल्चर पाठवलं होतं. स्टेरॉइड मात्र मुद्दाम थांबवलेलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लुझ्निक आणि फ्युक्स यांच्या गटाने घडवलेल्या हॅप्लोच्या पद्धतीचाच तो भाग आहे. दात्याच्या ज्या टी-पेशींना रुग्णाचं शरीर परकं वाटतं, त्या चवताळून वेगाने वाढतात. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी दिलेलं सायक्लोफॉस्फमाइड नेमक्या या वाढणाऱ्या पेशींना मारतं. मूळ पेशींकडे या औषधाला निष्प्रभ करणारं विकर भरपूर असतं, त्यामुळे त्या वाचतात. आधीच स्टेरॉइड देऊन टी-पेशींना गप्प केलं, तर औषधाचा नेम चुकतो. हे कळल्यावर ते वडील काही बोलले नाहीत, पण रात्रभर कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत राहिले. आपल्याच पेशींनी मुलाला ताप आणलाय, हे ऐकणं बापाला सोपं नसतं.

मग साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात एका सकाळी रिपोर्ट येतो. न्यूट्रोफिल सलग तीन दिवस 500 च्या वर! "काउंट आला!" सिस्टरपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना कळतं. घरचे सामान बांधायला घेतात. मला मात्र तेव्हाच काळजी लागते.

कारण न्यूट्रोफिल ही रोगप्रतिकारशक्तीची फक्त पहिली तुकडी. एनके-पेशी महिनाभरात येतात. पण सीडी-4 टी-पेशींना अनेक महिने, बी-पेशी आणि प्रतिपिंडांना वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. नव्या टी-पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात आणि वयाबरोबर ती आक्रसत जाते, म्हणून मुलं लवकर सावरतात, मोठ्यांना वेळ लागतो. दात्याच्या पेशींनी शरीरावर हल्ला केला, तर त्यावरच्या औषधांनी ही वाट आणखी लांबते. लहानपणापासून अंगात निपचित असलेला सीएमव्ही विषाणू याच काळात डोकं वर काढतो, म्हणून घरी गेल्यावरही त्याची रक्ततपासणी वारंवार होते. बाळपणी घेतलेल्या लसींचं संरक्षणही ओसरतं. त्या पुन्हा घ्याव्या लागतात. गोवरासारखी जिवंत लस तर दोन वर्षांनंतरच, तीही डॉक्टरांनी परवानगी दिली तर.

आणि हा सगळा काळ जातो घरी. वसईच्या वाडीतल्या एका घरात मुलाच्या खिडकीखालीच शेणखताचा ढीग होता. त्यातली बुरशी फुप्फुसात गेली तर काय होतं, हे सांगितल्यावर आजोबांनी त्याच दिवशी ढीग हलवला. आजी प्रेमाने सुकेळी घेऊन आली होती. उघड्यावर वाळवलेली, म्हणून नको म्हणावं लागलं. तिचे डोळे भरून आले. नालासोपाऱ्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांना मी पावसाळ्याआधीच वरच्या मजल्यावरचे नातेवाईक शोधायला सांगते, कारण पाणी ओसरलं तरी भिंतींची ओल महिनोन्‌महिने जात नाही.

बोरिवली पूर्वेला महापालिकेचं मुलांसाठीचं प्रत्यारोपण केंद्र झाल्याने विरार लाइनच्या काही घरांची धावपळ कमी झाली आहे. तरी 100.4 ताप आला, तर मध्यरात्रीही निघावंच लागतं.

तुमच्या इमारतीत असा पेशंट घरी आला, तर कृपा करून भेटायला गर्दी करू नका, फोन करा. तुमच्या मुलाला कांजिण्या झाल्या, तर त्यांना आधी कळवा. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी आपला नंबर त्या घरी देऊन ठेवा.