माफी नसलेलं पाप: ख्रिस्ती विचार काय सांगतो आणि त्यातून काय निघतं

आपल्या नांदेड-लातूरच्या भागात ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्यांचं बरं आहे, काहीही करा, चर्चमध्ये जाऊन कबूल केलं की सगळं माफ." यात निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं की, ज्या येशूच्या नावानं ही माफी सांगितली जाते, त्यानंच एका पापाला कधीच माफी नाही, असंही सांगून ठेवलं आहे. आज आपण त्या पापाकडे बघू, आणि माफी द्यायचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाकडेही.

हे वचन मत्तयच्या बाराव्या, मार्कच्या तिसऱ्या आणि लूकच्या बाराव्या अध्यायात येतं. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'दुर्भाषण' असा शब्द आहे: पवित्र आत्म्याविरुद्ध केलेलं दुर्भाषण. नुसतं ऐकलं तर वाटतं, देवाला शिवी दिली की संपलं. पण प्रसंग काय होता? मत्तय सांगतो, एक आंधळा आणि मुका माणूस बरा झाला. लोक थक्क झाले. धर्माचे जाणकार मात्र म्हणाले, हा भुतांच्या सरदाराच्या, बालजबूलच्या मदतीनं भुतं काढतो. मार्क तर म्हणतो की असं बोलणारे शास्त्री थेट यरुशलेमहून आले होते. आता बघा, ही मंडळी अडाणी नाहीत. समोर माणूस बरा झालेला दिसतो आहे आणि ते त्यालाच सैतानाचं काम म्हणत आहेत. चांगलं ते चांगलं आहे हे दिसत असूनही, आपलं आसन टिकावं म्हणून त्याला वाईट ठरवायचं, हा तो अपराध.

खून, व्यभिचार, चोरी यांचं नाव त्यात नाही. दावीद राजानं दोन्ही केलं, परक्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे घालून मारवलं. त्याला पश्चात्तापानंतर क्षमा मिळाली. पेत्रानं तीनदा येशूला ओळख नाकारली, तोच पुढे प्रेषितांचा म्होरक्या झाला. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीननं याचा अर्थ असा लावला की, शेवटच्या श्वासापर्यंत पश्चात्तापच न करणं हे ते पाप. आणि मध्ययुगात थॉमस अक्विनासनं पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापांचे सहा प्रकार मांडले. त्यातले दोन आपल्या कामाचे: एक, आपल्याला माफी मिळूच शकत नाही असं मानून हातपाय गाळणं, दुसरं, माफी मिळणारच आहे असं गृहीत धरून वागणं. सुरुवातीचं ते "काहीही करा" वाक्य थेट या दुसऱ्या प्रकारात बसतं, बरं का. ते ख्रिस्ती विचारातच पाप आहे.

पहिला प्रकारही किरकोळ नाही. जॉन बन्यन हा इंग्रज लेखक. त्याचं एक पुस्तक हरी केशवजींनी 1841 साली 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं. हा माणूस तरुणपणी दीर्घकाळ या भीतीनं पोखरला गेला होता की आपल्या हातून ते एकच पाप घडलं आहे. त्यानं स्वतः 1666 सालच्या आत्मचरित्रात ते लिहिलं. पाळक मंडळी अशा माणसाला बहुतेक एकच उत्तर देतात: ज्याला याची भीती वाटते, त्यानं ते केलेलं नसतं. आम्हाला हे उत्तर पटतं. यरुशलेमच्या त्या शास्त्र्यांना भीती वाटत नव्हती.

आता इतिहासाकडे येऊ, कारण इथे गोष्ट बदलते. इ.स. 250 च्या सुमारास रोमन सम्राट डेशियसनं हुकूम काढला: सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करायचा आणि तसं प्रमाणपत्र घ्यायचं. इजिप्तमध्ये अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रं मिळाली आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीनं बळी दिला, काहींनी पैसे देऊन नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक परत चर्चच्या दारात आले. घ्यायचं की नाही? रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, देव काय करायचं ते करील, चर्चनं यांना परत घेऊ नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इतर म्हणाले, कडक प्रायश्चित्त घ्यायला लावू, पण घेऊ. दुसरी बाजू टिकली. 325 सालच्या नायसियाच्या धर्मपरिषदेनं तर असा नियम केला की मरणाच्या दारात असलेल्याला शेवटचा प्रसाद नाकारायचा नाही.

या भांडणात देवाचा प्रश्न कमी आणि पंगतीचा जास्त होता, असं आमचं मत आहे. आणि पंगतीचं भांडण आपल्याला कोणी शिकवायला नको. विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि त्यांच्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते.

अगदी अलीकडचं उदाहरण 1843 सालचं. मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्यांच्यात जेवला होता. बाप्तिस्मा झालेला नव्हता. कोर्टानं मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण जातीत घ्यायचं कसं? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. सनातनी मंडळींनी रान उठवलं, बाळशास्त्रींवरच बहिष्काराची वेळ आली. बारा-एक वर्षांचं पोर, आणि त्याचा गुन्हा काय, तर जेवला. सिप्रियन आणि नोव्हेशियन यांचाच वाद, फक्त सोळाशे वर्षांनी आणि मराठीत. पुढे थोरले नारायण शेषाद्री आपल्या मराठवाड्यात आले, जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं.

नांदेडकरांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. गुरू गोविंदसिंगांना सोडून गेलेल्या चाळीस शिखांनी 'तुम्ही आमचे गुरू नाही' असं लिहून दिलं होतं, त्याला बेदावा म्हणतात. परंपरा सांगते की तेच चाळीस जण पुढे मुक्तसरला लढायला परत आले, आणि मरणाच्या दारात असलेल्या महानसिंगाच्या विनंतीवरून गुरूंनी तो कागद फाडून टाकला. 1708 साली हेच गुरू नांदेडला गोदाकाठी ज्योती ज्योत समाले. शीख परंपरेत चुकलेल्याला 'तनखैया' ठरवतात, जोडे पुसायला, लंगरची भांडी घासायला लावतात, आणि मग तो परत आपला होतो. शिक्षेला शेवट असतो.

चर्चनं मात्र एका बाबतीत फार काळ दार बंद ठेवलं: आत्महत्या. तर्क असा होता की हे पाप केल्यावर पश्चात्तापाला वेळच उरत नाही. म्हणून अंत्यविधी नाही, पवित्र भूमीत दफन नाही. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायद्यात ही मनाई होती. 1983 च्या कायद्यात आत्महत्येचं नाव त्या यादीत राहिलं नाही. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात तर अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, असं सांगितलं आहे. मानसिक आजार, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, हेही मान्य केलं आहे.

हे आम्ही इथे मुद्दाम सांगतो. कर्जात बुडालेला शेतकरी असो की लातूरच्या शिकवणीला खोली करून राहिलेला सतरा वर्षांचा मुलगा असो, त्याच्या मागे राहिलेल्या घराला लोक काय काय ऐकवतात, ते आपल्याला ठाऊक आहे. 'भित्रा निघाला', 'पाप केलं', 'त्याला गती नाही'. धर्म कुठलाही असो, ही वाक्यं सारखीच आहेत. देशाच्या कायद्यानंही इथे पाऊल मागे घेतलं: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणात होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत जुनं 309 कलम उरलेलं नाही. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात असा विचार येत असेल, तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन करा.

राहिला शेवटचा प्रश्न, आणि आमच्या मते सगळ्यात अवघड. देवानं माफ केलं म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? यहुदी परंपरेचा नियम स्पष्ट आहे: माणसाविरुद्ध केलेलं पाप त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय प्रायश्चित्ताच्या दिवशीही फिटत नाही. येशू याच परंपरेतला. तोही सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचा तुझ्यावर राग आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. जक्कय नावाचा जकातदार पश्चात्ताप करतो तेव्हा नुसता रडत नाही. लुबाडलेल्याला चौपट परत देण्याचं कबूल करतो.

म्हणजे कबुलीजबाब हा हिशेबाचा पहिला अर्धा भाग. पण लुबाडलेला माणूसच हयात नसेल तर? 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. मारणाऱ्यांपैकी एखाद्यानं पुढे खरोखर पश्चात्ताप केला, असं धरून चालू. ख्रिस्ती विचारानुसार देव त्याला नाकारणार नाही. पण पोचीराम यांच्या वतीनं "जा, माफ केलं" म्हणायला गावचा पाटील, पाळक किंवा तुम्ही-आम्ही कोण? घरच्यांनी स्वतःच्या दुःखापुरतं माफ करायचं ठरवलं तर तो त्यांचा हक्क. त्यांनी नाही म्हटलं, तर तोही त्यांचाच हक्क, आणि त्यांना 'मोठं मन करा' असं सांगत फिरणाऱ्यांनी आधी चौपट देण्याचं काय झालं ते विचारावं.